आई, तू पण बस ना!

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की पहिले दोन दिवस घरात नुसता आनंदीआनंद असतो. तिसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली की पहिली आरोळी येते, 'आई, कंटाळा आलाय, काय करू?' मैत्रिणींनो, या प्रश्नाला आपल्याकडे दोनच ठरलेली उत्तरं असतात. एक, 'झोप जरा.' दुसरं, मोबाईल. पहिलं कुणी ऐकत नाही आणि दुसरं एकदा हातातून गेलं की संध्याकाळपर्यंत परत मिळत नाही.

आमच्या भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकलेला असतो. अकरा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. लगोरी, विटीदांडू, डबा ऐसपैस हे सगळं छानच आहे हो, पण ते ऊन उतरल्यावर. प्रश्न असतो तो मधल्या पाच-सहा तासांचा. बंद खिडक्या, घरघरणारा कूलर, त्याच्यासमोर आडवी पडलेली माणसं आणि प्रत्येकाच्या हातात आपापला फोन. शाळा उघडायला जूनचा मध्य उजाडतो, तिकडे विदर्भात तर जून संपत येतो. एवढे दिवस सगळे एका छपराखाली, आणि बोलणं काय, तर 'कूलरमध्ये पाणी टाक' एवढंच!

सुट्टीत मुलांनी काय काय खेळावं याच्या याद्या दरवर्षी वाचायला मिळतात. त्यात मला एक गोष्ट नेहमी खटकते. त्या यादीत आई असते ती सामान काढून देणारी, पन्हं करून देणारी, भांडणं सोडवणारी आणि शेवटी पसारा आवरणारी. खेळणारी आई कुठेच नसते. आपणही 'तुम्ही खेळा रे, माझं अजून आवरायचंय' असं म्हणून मोकळ्या होतो. बरं, घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी असेल तर हळूहळू तिलाही डावातून उठवलं जातं. 'जरा हाताखाली ये, बिबड्या उलट्या करायच्यात.' भावाचा डाव मात्र चालूच! म्हणजे बारा वर्षांच्या मुलीची सुट्टी आणि चाळीस वर्षांच्या बाईची सुट्टी सारखीच झाली की नाही?

म्हणून आमच्या घरी गेली तीन वर्षं उन्हाळ्यात दुपारी तीन ते चार हा तास खेळाचा. नियम दोनच. आई खेळाडू म्हणून बसणार, पंच म्हणून नाही. आणि त्या तासात कुणी चहा मागायचा नाही. चार वाजले की जो हरला त्याने सगळ्यांचा चहा टाकायचा. पहिल्या आठवड्यात आमच्या ह्यांच्या तोंडून सवयीने 'अगं, जरा चहा...' एवढं निघायचा अवकाश, दोन्ही मुलं एका सुरात ओरडायची, 'बाबा, हरलात का?' लेक आता दहा वर्षांचा आहे आणि उत्तम चहा करतो. साखर जरा जास्त घालतो, पण हारून केलेल्या चहाला नावं कोण ठेवणार!

आता खेळ कोणता? आमचा सगळ्यात लाडका म्हणजे चल्लस आठ. गावोगावी नाव आणि नियम थोडे बदलतात, आमची पद्धत सांगते. फरशीवर खडूने पाच बाय पाच असा चौकोन आखायचा, म्हणजे पंचवीस घरं होतात. अगदी मधल्या घरात आणि चारी बाजूंच्या मधल्या घरांत फुली मारायची. चौघांनी चार बाजूंना बसायचं, आपल्यासमोरची फुली ते आपलं घर. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. त्या विकत आणायच्या नाहीत. कुणाची शर्टाची बटणं, कुणाचे राजम्याचे दाणे, कुणाचे फुटक्या बांगड्यांचे तुकडे. शेंगदाणे तेवढे नकोत, डाव संपेपर्यंत उरत नाहीत. फाशांच्या ऐवजी चार चिंचोके. खरखरीत दगडावर एका बाजूने घासले की तेवढीच बाजू पांढरी होते. हे घासण्याचं काम मुलांना द्या, एक अख्खी दुपार शांततेत जाते!

चिंचोके टाकले की जितके पांढरे वर, तितकं दान. चारही पांढरे पडले तर चार, आणि चारही काळे पडले तर आठ. चार किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायला मिळतं. सोंगट्या बाहेरच्या सोळा घरांतून घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. फुलीच्या घरात कुणी कुणाला मारू शकत नाही, इतर कुठेही गाठलं की मारलं, आणि मेलेली सोंगटी पुन्हा पहिल्यापासून. खरी गंमत पुढे आहे. एक तरी तोड केल्याशिवाय, म्हणजे दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या आठ घरांत शिरता येत नाही. आत गेलं की दिशा उलटी होते, आणि तिथून मधलं घर. ज्याच्या चारही सोंगट्या आधी पोचल्या तो जिंकला.

मला हा खेळ आवडतो तो एवढ्यासाठी की यात नशीब आणि डोकं दोन्ही लागतं. सहा वर्षांचं पोर आजोबांना खरोखर हरवू शकतं. बुद्धिबळात किंवा कॅरममध्ये मोठ्यांना मुद्दाम हरावं लागतं, आणि मुलांना ते लगेच कळतं हं! मोबाईलवर मुलं जो लुडो खेळतात तोही आपल्या पचिशीवरूनच घेतलेला. इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट काढलं गेलं, आणि आता तो आपल्याकडे फोनमधून परत आलाय, मधे जाहिरातींसकट.

आणि त्या तोडीचं काय सांगू! सासूबाईंची सोंगटी मारायची वेळ पहिल्यांदा आली तेव्हा माझा हात थबकला. त्याच म्हणाल्या, 'मार गं, खेळात कसली आलीय सासू!' आणि पुढच्याच फेरीला आठाचं दान पाडून त्यांनी माझी सोंगटी उडवली. वर हसल्या. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण असं मोठ्याने हसताना मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं. एरवी दुपारी त्या आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या.

एक दिवस खेळता खेळता सागरगोट्यांचा विषय निघाला. त्यांचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. येताना पेटीत साड्यांच्या घडीखाली पाच सागरगोटे लपवून आणले होते म्हणे, राखाडी, गुळगुळीत, माहेरच्या कुंपणाच्या वेलीचे. पण सुनेने खेळायचं कसं? वर्षभर तसेच ठेवले आणि मग नणंदेच्या मुलीला देऊन टाकले. हे सगळं त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की माझी लेक चिंचोके हातात धरून नुसती बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने अंगणातून पाच गोल खडे वेचून आणले. सासूबाईंची बोटं आता सांधेदुखीने नीट वळत नाहीत. तरी एक खडा वर उडवून खालचे दोन त्यांनी अलगद उचलले आणि वरचा झेलला. तीनला मात्र सगळे सांडले. लेक अजून एकाच्या पुढे गेलेली नाही, रोज आजीकडे तालीम चालू आहे.

पत्त्यांचं म्हणाल तर माणसं मोजून डाव निवडावा. तिघंच असाल तर पाच-तीन-दोन. अठ्ठ्यापासून वरची सगळी पानं आणि दोन सत्त्या घ्यायच्या, तीस पानं होतात, प्रत्येकाला दहा. चौघं असाल तर मेंढीकोट. त्यात समोरासमोरचे दोघं भिडू असतात आणि दश्श्या गोळा करायच्या असतात. ज्या दोघांचं त्या दिवशी वाजलंय त्यांना भिडू करा, असा माझा अनुभवाचा सल्ला. 'तुझ्याशी बोलणार नाही' म्हणणाऱ्या बहीणभावाला हुकूम कोणता ते खुणेने तरी सांगावंच लागतं. (खुणा करायच्या नसतात, माहितीये मला. पण घरच्या डावात चालतं.) पाहुणे आले, दहा-बारा माणसं जमली, तर झब्बूला पर्याय नाही.

एकच विनंती. खेळताना 'बघ, यातून गणित पक्कं होतं' असलं काही म्हणू नका. हे वाक्य आलं की खेळ तिथेच मरतो. आणि सुट्टीतल्या शिबिरांना माझा विरोध नाही, परवडत असेल तर जरूर पाठवा. पण शिबिरात आई नसते ना!

नोकरीमुळे ज्यांना दुपार मिळत नाही, त्यांच्यासाठी रात्र आहेच. गच्चीवर पाणी मारून अंथरुणं टाकली की गावांच्या नावांच्या भेंड्या सुरू कराव्यात. वीज गेली तर उत्तमच, आकाश स्वच्छ दिसतं. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. पतंगासारखा चौकोन आणि त्याची तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला अगदी चिकटून बारीकशी अरुंधती. शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस स्वाती, आणखी पुढे चित्रा. अरुंधती आधी कुणाला दिसते यावर आमच्याकडे रोज पैज लागते. लेकाला दिसते, लेकीला दिसते, माझा चष्मा असला तर मलाही. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय, तरी त्या सगळ्यांच्या आधी 'दिसली!' म्हणतात आणि पैजेची कुल्फी मागतात. रडीचा डाव आहे, असं नातवाचं स्पष्ट मत आहे.