अंबाजोगाईची ‘मनस्विनी’

अंबाजोगाईला विद्येचे गाव म्हणण्याची आम्हां मराठवाड्यातील मंडळींना सवय आहे. गावाचे नाव मोमिनाबाद होते तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ येथेच मुख्याध्यापक होते. परंतु गावात विद्या आली म्हणून बाईचे दुःख सरते, असे नाही. शैला लोहिया यांनी १९८४ साली येथे ‘मनस्विनी’ सुरू केली ती याच जाणिवेतून. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी ओझे, सासरी परकी. तिने जावे कुठे? निवारा, सल्ला आणि हाताला काम, अशी तिहेरी सोय येथे झाली. त्यांत निवारा आम्ही पहिला मानतो. रात्री कुठे निजावे हेच जिला ठाऊक नाही, तिला पोटगीचे कलम समजावून काय उपयोग?