ठेका नुसत्या बासमध्ये नसतो

हेडफोन घ्यायला निघालेल्या माणसाला कसा आवाज हवा असं विचारलं, तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं: बास दमदार पाहिजे. खरं तर त्याच्या मनात काहीतरी वेगळंच असतं. ढोलकी कडाडली पाहिजे, ड्रमचा ठोका अंगावर आला पाहिजे, पाय आपोआप हलायला लागला पाहिजे. ही मागणी अगदी रास्त आहे. पण दुकानात पोहोचेपर्यंत ती 'जास्त बास' एवढीच उरते, आणि दीड-दोन हजार रुपये मोजून घरी येतं ते अख्खं गाणं एका घुमाऱ्यात बुडवणारं यंत्र. खिशात पैसे मोजकेच असतील तर अशी निवड फार लागते, कारण लगेच दुसरे घेण्याची सोय नसते. म्हणून या बाबतीत सर्रास ऐकू येणाऱ्या समजुती तपासून घेणं गरजेचं वाटतं.

"जितका बास जास्त, तितका ठेका जोरकस"

बाकीच्या गैरसमजांचं मूळ याच समजुतीत आहे, म्हणून इथे जरा थांबू. 'सैराट'मधलं (२०१६) 'झिंगाट' मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर लावून बघा. त्या इवल्याशा स्पीकरमधून दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. म्हणजे ज्याला आपण बास म्हणतो तो तिथे नाहीच. तरीही ठेका कळतो. याचं कारण असं, की ठोका नेमका कुठल्या क्षणी पडला हे कान आघातावरून ओळखतो, आणि त्या आघाताची खूण बासच्या बरीच वर असते.

ड्रमसेटमधल्या मोठ्या किक ड्रमचा मूळ नाद साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतो, पण त्याच्या पडद्यावर आदळणाऱ्या बीटरचा 'टक्' ऐकू येतो तो २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ४१ हर्ट्झ, पण बोटाने तार ओढल्याचा आवाज त्याहून कितीतरी वर. तबल्यात बाया शंभर हर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे घुमतो. दाया काळी एकमध्ये लावला असेल तर त्याचा स्वर २७७ हर्ट्झ, आणि त्याच्यावर आणखी स्वरांशांची रास. शाईमुळे हे वरचे अंश मूळ स्वराच्या पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्येच 'नेचर' या नियतकालिकात मांडलं होतं. लावणीतल्या ढोलकीचंही असंच. धुमाची बाजू खालून आधार देते, पण अंगावर काटा आणते ती शाईच्या बाजूची कडक थाप.

आता कानाची एक खोड लक्षात घ्या. खालचे जोरदार स्वर वरच्या स्वरांना झाकून टाकतात, उलटं मात्र तितकंसं होत नाही. त्यामुळे हेडफोनमध्ये १५० ते ३०० हर्ट्झचा पट्टा फुगवलेला असेल, तर धुमाचा घुमारा शाईच्या थापेवर पसरतो. आवाज भरगच्च वाटतो, पण दोन ठोक्यांमधली मोकळी जागा भरून जाते आणि ठेका मऊ पडतो. स्वस्त 'एक्स्ट्रा बास' हेडफोनमध्ये बऱ्याचदा नेमकं हेच घडतं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९५३ साली सुरू झालेल्या ग्रेडो कंपनीचं उदाहरण बोलकं आहे. त्यांच्या एसआर ६० मालिकेच्या उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये अगदी खालचा बास कमीच असतो. उलट २,००० हर्ट्झच्या आसपास उठाव असतो. तरीही रॉक ऐकणारे कित्येक लोक वर्षानुवर्षं त्यांना पसंती देत आले आहेत, ते गिटारच्या फटकाऱ्यातल्या आणि ड्रमच्या ठोक्यातल्या जोषासाठीच. हा आवाज सगळ्यांना मानवत नाही, तासभर ऐकल्यावर काहींचे कान शिणतात. पण जोष आणि बास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

याचा अर्थ बास नकोच, असा नाही. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ नंतर श्रोत्यांना घेऊन अनेक चाचण्या केल्या. बहुतेकांना साधारण शंभर हर्ट्झच्या खाली काही डेसिबलचा उठाव आवडला, त्यावरचा पट्टा मात्र आटोपशीर लागला. तेव्हा ठेकेबाज आवाज हवा असेल तर शोधायचं ते हे: शंभरच्या आत भक्कम उठाव, दोनशे-तीनशेच्या भागात संयम, आणि दोन ते पाच हजारांत थाप स्पष्ट ऐकवण्याइतका उजेड. मोजमाप करणाऱ्या समीक्षकांचे आलेख इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. पैसे देण्याआधी आलेखातल्या एवढ्या तीन जागा पाहिल्या तरी बरंच काम होतं.

"वेगवान ड्रायव्हर असला की ताल पक्का"

१९८० च्या दशकात ब्रिटिश हाय-फाय मासिकांतून 'पेस, रिदम अँड टायमिंग' ही भाषा रुळली आणि तिथून ती हेडफोनच्या जाहिरातींत उतरली. अमुक ड्रायव्हर (हेडफोनमधला आवाज काढणारा भाग) चपळ, तमुक आळशी, असं आजही छापून येतं. पण १०,००० हर्ट्झचा स्वर काढणारा कुठलाही पडदा सेकंदाला दहा हजार वेळा मागेपुढे होत असतो. शंभर हर्ट्झच्या ठोक्याला तो उशिरा कशाला पोहोचेल? कानाला 'आळशी' वाटतो तो बहुतांशी मघाचाच फुगवटा. इक्वलायझरवर २०० हर्ट्झची पट्टी दोन-तीन डेसिबल खाली ओढा, तोच ड्रायव्हर एकदम चपळ वाटायला लागेल.

"मोठा ड्रायव्हर, मोठा आवाज" आणि "जितके ड्रायव्हर जास्त, तितकं चांगलं"

खोक्यावर ५० मिलिमीटर लिहिलेलं असलं की गिऱ्हाईक सुखावतं. एका कानात पाच ड्रायव्हर म्हटलं की आणखीच. सेनहायझरच्या आयई ९०० या लाखाच्या घरातल्या इअरफोनमध्ये प्रत्येक कानात फक्त एक ड्रायव्हर आहे, तोही ७ मिलिमीटरचा. आकार आणि संख्या हे बनवणाऱ्याच्या हातातले मार्ग आहेत. शेवटी आवाज कसा जुळवला यावर सगळं ठरतं, आणि स्वस्तातले पाच ड्रायव्हर एकमेकांशी जुळवणं एका ड्रायव्हरपेक्षा अवघड असतं.

बासचं खरं गुपित आहे ते कान बंद होण्यात. इअरफोन लावा, ठेक्याचं गाणं सुरू करा आणि दोन्ही बोटांनी ते हलकेच आत दाबा. दाबताक्षणी खालचा नाद भरून आला आणि सोडताच विरला, तर रबरी टिप तुमच्या कानाच्या मापाची नाही. बारीकशा फटीतूनही खालचे स्वर निसटून जातात, वरचे तसेच राहतात, मग आवाज पातळ आणि किरकिरा लागतो. कित्येक चांगले इअरफोन 'बासच नाही' म्हणून परत जातात ते याच कारणाने. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या येतात, त्या तिन्ही लावून बघाव्यात. दोन कानांना दोन वेगवेगळी मापं लागणं यात काहीच वावगं नाही. टिप बसवताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढला तर ती नीट आत बसते. कानावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनमध्ये हीच फट चष्म्याच्या काडीमुळे पडते. चष्मा लावणाऱ्यांनी मऊ, जाड गादीचे हेडफोन बघावेत आणि चष्मा लावूनच ते तपासावेत.

लोकलमध्ये किंवा एसटीत ऐकणाऱ्यांसाठी हे दुप्पट महत्त्वाचं. गाडीची घरघर खालच्या स्वरांतच असते आणि ती गाण्यातला बास गिळून टाकते. मग माणूस आवाज वाढवतो. घट्ट बसलेली टिप बाहेरचा गोंगाट बराच रोखते. आवाज रोखणारी इलेक्ट्रॉनिक सोय, म्हणजे एएनसी, खालच्या घरघरीवर चांगली चालते, पण कमी पैशांत ती घेतली की आवाजाच्या दर्जात कुठेतरी काटछाट होतेच. माझं मत विचाराल तर दोन-तीन हजारांत तारेचे, घट्ट बसणारे इअरफोन घ्यावेत.

"चांगलं हवं तर पैसे मोजायलाच हवेत"

जेरोन ब्रीबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. कुठला स्वर किती जोरात वाजतो याचा किमतीशी संबंध सापडला नाही. महाग वस्तूत बांधणी, आराम, टिकाऊपणा जास्त मिळू शकतो, ते नाकारण्यासारखं नाही. पण ठेका ऐकवायला ती किंमत लागतेच असं नाही. २०२३ मध्ये आलेला सेव्हन हर्ट्झ कंपनीचा झिरो टू हा इअरफोन दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो, त्यात एकच १० मिलिमीटरचा ड्रायव्हर आहे, आणि वर सांगितलेला 'शंभरच्या खाली उठाव' त्यात छान साधला आहे. मूनड्रॉप कंपनीचा चू साधारण त्याच किमतीच्या घरातला, जरा कमी बासचा. कोसचा पोर्टा प्रो १९८४ पासून विकला जातोय. त्याचा आवाज ऊबदार आहे, पण पाठ उघडी असल्याने लोकलमध्ये त्याचा उपयोग नाही.

खोक्यावरच्या इतर आकड्यांवर फार वेळ घालवू नये. '५ ते ४०,००० हर्ट्झ' वाचून हरखून जायचं कारण नाही. माणसाच्या कानाची हद्द २० ते २०,००० हर्ट्झ, आणि वयाबरोबर ती वरून आक्रसत जाते. शिवाय त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबल वरखाली होतो हे खोक्यावर सहसा नसतंच. 'जास्त ओहम (विद्युत अवरोधाचं माप) म्हणजे जास्त दर्जा' हेही खरं नाही. बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा रूपांत मिळतो. यातला २५० ओहमचा थेट मोबाइलला जोडला तर आवाज दबका येण्याचीच शक्यता, आणि मग वेगळ्या अँप्लिफायरचा खर्च वाढतो. मोबाइलवर ऐकायचं असेल तर १६ ते ३२ ओहमचे, कमी ताकदीत मोठ्याने वाजणारे हेडफोन बरे.

"ब्लूटूथमध्ये ताल मागे पडतो"

ब्लूटूथला उशीर होतो हे खरं, पण तो उशीर अख्ख्या गाण्याला सारखाच होतो. नुसतं गाणं ऐकताना ठोके एकमेकांच्या मागेपुढे जात नाहीत. व्हिडिओत मात्र कधी कधी ओठ आणि शब्द जुळत नाहीत, गेममध्ये गोळी सुटल्यावर आवाज येतो, किंवा गाण्याबरोबर स्वतः तबला वाजवायला बसलात तर पंचाईत होते, तिथे तारच हवी. एलडॅक हा कोडेक (ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची पद्धत) सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती नेतो, एसबीसी ३२८ च्या आसपास. हा फरक कानाने ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. आयफोनवर एलडॅक चालतही नाही, तेव्हा आयफोनवाल्यांनी त्यासाठी जादा पैसे मोजूच नयेत. ब्लूटूथचा खरा तोटा पैशाचा आहे: त्याच किमतीत बॅटरी, चिप, डबी सगळं येतं, आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी थकली की बहुतेक वेळा संपूर्ण वस्तूच टाकावी लागते.

'शंभर तास वाजवल्यावर आवाज खुलतो' ही समजूतही अशीच पसरलेली. मोजमापात दिसणारे बदल फार छोटे असतात. हेडफोन कानावर थोडा सरकला तरी त्याहून जास्त फरक पडतो. सवय होते ती आपल्या कानाला. विक्रेत्याने खुलण्याची वाट बघायला सांगितलं, म्हणून परतीची मुदत संपू देऊ नये.

"मोठ्याने वाजतो तो दमदार"

दुकानात दोन हेडफोन ताडून बघताना जो जरासा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. त्यामागे शरीराची घडण आहे: हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. म्हणून दोन्हींचा आवाज अंदाजाने सारखा करूनच तुलना करावी, आणि गाणी आपल्या ओळखीची घ्यावीत. 'नटरंग'मधली एखादी लावणी ढोलकीसाठी उत्तम. मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'ची सुरुवात नुसत्या ड्रम आणि बासची आहे, त्यात दोन ठोक्यांमधली जागा रिकामी राहते का ते लगेच कळतं. मग एकट्या गळ्याचं एखादं गाणं लावा. त्यात गायकाचा आवाज पिंपातून आल्यासारखा लागला, तर ढोलकी कितीही घुमत असली तरी तो हेडफोन सोडून द्या.

आणि आवाजाची पातळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. आघात स्पष्ट असलेला हेडफोन कमी आवाजातही ठेका पोहोचवतो. लोकलमध्ये रोज दोन-दोन तास ऐकणाऱ्या पोरांच्या कानांसाठी मला ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

घरी असलेले हेडफोन टाकून देण्याआधी इक्वलायझर वापरून बघा. अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोजवर इक्वलायझर एपीओ, दोन्ही फुकट मिळतात. आधी २०० ते ३०० हर्ट्झ तीन डेसिबल कमी करा, मग लागलंच तर ६० च्या आसपास दोन-तीन डेसिबल वाढवा, आणि जितकं वाढवलं तितका एकूण आवाज खाली आणा, नाहीतर ठोके फाटतील. एवढ्याने भागलं तर खरेदीच टळेल. नाही भागलं, तर नवे घेताना सुटी होणारी तार असलेले घ्या, कारण कमी किमतीच्या इअरफोनमध्ये आधी तारच जाते. मोबाइलला गोल जॅक नसेल तर डोंगलचे पैसे आधीच बाजूला काढा, आणि उरतील त्यात फोमच्या टिपांची एक जोडी घ्या.