न्यासाची नोंदणी: समजुती आणि कायदा

महाराष्ट्रात धर्मादाय किंवा धार्मिक न्यासाची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली होते. न्यासपत्र मुद्रांकावर करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवले की काम संपले, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत विश्वस्तांनी धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा असतो. तिथे चौकशी होते आणि मगच नोंदणी क्रमांक मिळतो. नोंदणी नसलेल्या सार्वजनिक न्यासाच्या वतीने हक्कासाठी लावलेला दावा न्यायालय चालवत नाही. 1882 चा भारतीय न्यास अधिनियम इथे कामी येत नाही; तो खासगी न्यासांसाठी आहे. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेलाही महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करावीच लागते.

‘देऊळ आजोबांनी बांधले, म्हणजे ते घराण्याचेच’ हा दावा नेहमी ऐकू येतो. देऊळ खासगी की सार्वजनिक, हे मात्र पैसा कोणी घातला यावर ठरत नाही. लोक तिथे हक्काने दर्शनाला येतात की घरच्यांच्या परवानगीने, हा खरा प्रश्न असतो. उत्सव, देणग्या आणि पुजाऱ्याची नेमणूक यांवरून त्याचे उत्तर शोधले जाते. सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन खटल्यात 1956 मध्ये हाच निकष लावला: लाभार्थी कुटुंबातले मोजके लोक की जनता?

सर्वांत महाग पडणारा गैरसमज नोंदणीनंतरचा आहे. विश्वस्त वारले किंवा बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक जुन्या न्यासांत तो कोणी देत नाही. मग बँक सह्या बदलण्यासाठी शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा मागते आणि त्यावर हयात नसलेल्यांचीच नावे निघतात. निवडणूक रीतसर झाली, ठराव झाला, तरी नवे मंडळ अडकून पडते. मागचे सगळे बदल एकेक करून मंजूर करून घेताना वर्षे जातात, आणि तोवर शाळा किंवा दवाखान्याचे काम खोळंबते.

विश्वस्त हे मालक नव्हेत. न्यासाची जमीन विकायला, बक्षीस द्यायला किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते.

धर्मादाय कार्यालयातील नोंदणीने करसवलत आपोआप मिळत नाही. आयकर खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. गणेशोत्सवापुरती वर्गणी काढणाऱ्या, नोंदणी नसलेल्या मंडळानेही धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यायची असते.