कांद्याच्या गाडीतून खेळांच्या मेळ्याला

पोरांना जत्रेला नेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पाळण्यात बसवले, कुस्त्या दाखवल्या, हातावर रेवड्या ठेवल्या की पोर खूश. पण पोराला ओढ लागली ती व्हिडिओ गेमच्या जत्रेची असेल, तर घरातल्या मोठ्यांनी काय करायचे? बहुतेक घरांत एकच उपाय करतात. मोबाइल काढून घेतात. काळेवाडीला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी २०१८ साली हेच चालले होते.

काळेवाडी पवनेच्या काठी, पिंपरीच्या पलीकडे. एके काळी तिथे शेते होती, आता घराला घर लागले आहे. आमचे दाजी चाकणच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. थोरला भाचा तेव्हा डिप्लोमाला होता. शिक्षण सोडून गेम खेळणे हाच धंदा करणार, असे त्याने घरी सांगून टाकले. बापलेकांचे बोलणे बंद झाले. बहिणीचा फोन आला, "दादा, तूच काय ते बघ आता."

त्या डिसेंबरात २१ ते २३ तारखांना मुंबईत गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात 'ड्रीमहॅक' नावाचा मेळा भरणार होता. माझी कांद्याची गाडी वाशीला जायचीच होती. वाट वाकडी करून रात्री अकराला मी काळेवाडीत गाडी उभी केली आणि भाच्याला म्हटले, "चल, आधी डोळ्यांनी बघू. मग तुझ्या बापाशी मी बोलतो."

किवळ्याला द्रुतगती मार्ग लागतो, तो थेट कळंबोलीपर्यंत. (दुचाकीला त्यावर बंदी आहे, मोटारसायकलवाल्यांनी जुनाच रस्ता धरावा.) घरात तोंड न उघडणारे पोर गाडीत मात्र भडाभडा बोलू लागले. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हे खेळ नमुन्यादाखल ठेवले होते आणि भूजच्या तीर्थ मेहता नावाच्या तरुणाने पत्त्यांसारख्या एका गेममध्ये कांस्यपदक मिळवले, हे मला त्याच्याकडून कळले. घाटात अमृतांजन पूल आला तेव्हा मी त्याला सांगितले, की हा पूल इंग्रजांनी १८३० साली बांधला. पुढे २०२० मध्ये तो पाडला.

वाशीला पहाटे कांदा उतरवला. तो डिसेंबर कांदेवाल्यांना आठवत असेल. निफाडकडच्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे आलेले १०६४ रुपये मनिऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले, ते त्याच हंगामात. सौदा झाला, आडत्याने हिशेब मांडला. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता जे उरले ते भाच्याने माझ्या खांद्यावरून वाचले. "मामा, यात तुम्हांला काय राहिलं?" मी म्हटले, "पुढच्या हंगामाचं बियाणं. बस गाडीत."

गोरेगावचा तो मांडव पाहून मी जरा दबकलोच. अंधार, रंगीत दिवे, कानठळ्या बसवणारा आवाज आणि ओळीने मांडलेले संगणक. हा मेळा मूळचा स्वीडनचा. मालुंग गावात काही शाळकरी दोस्त शाळेच्या तळघरात आपापले संगणक घेऊन जमत. १९९४ मध्ये शाळेच्या उपाहारगृहात जागा मिळाली आणि मेळा वाढला. तिकडे पोरे अजून संगणक, पांघरूण घेऊन मुक्कामालाच येतात. आपल्या यात्रेच्या तळासारखेच म्हणा ना.

मोठ्या पडद्यावर बंदुकांचा डाव चालला होता. पाच विरुद्ध पाच, आधी सोळा डाव जिंकेल त्याची सरशी. नुसती ठोकाठोकी असेल असे वाटले होते, पण भाच्याने समजावल्यावर कबड्डी दिसू लागली. एकाने भुलवायचे, दुसऱ्याने कोपरा धरायचा, राखलेला पैसा पुढच्या डावाला वापरायचा. समालोचकाचा आवाज तर थेट कुस्तीच्या फडातला.

तिथे संघात खेळणाऱ्या एका मुलाला मी सरळ विचारले, "बाळा, दिवसाला किती तास?" म्हणाला, "आठ-दहा." "आणि हरलात तर?" तो हसला. "हरलो तर काही नाही, काका. बक्षीस वरच्यांनाच." भाचा शेजारी उभा होता. नंतर एका मोकळ्या संगणकावर त्याला खेळायला मिळाले. आमच्या आळीतला हा पहिलवान चार मिनिटांत चीत झाला. मी काही बोललो नाही. संध्याकाळी तोच म्हणाला, की पडद्यामागे चित्रे काढणारे, आवाज बसवणारे, प्रोग्रॅम लिहिणारे किती लागतात, ते पाहिले का मामा?

दाजींशी बोलायचे मी कबूल केले होते, ते केले. ठरले असे : डिप्लोमा पुरा करायचा, खेळ रविवारी. दाजी अजून कुरकुरतात, पण बोलणे सुरू झाले.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी बंद केला. ज्या पोरांनी सगळे त्या एका गेमवर लावले होते, ती एका रात्रीत उघड्यावर आली. १४ तारखेला कांद्याची निर्यातबंदी झाली. भाच्याचा फोन आला, "मामा, तुमचं आणि आमचं दुकान एकाच महिन्यात बंद."

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने या स्पर्धांना, ई-स्पोर्ट्सना, खेळ म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमना मनाई केली. ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळे ठेवले. पोराच्या हातात मोबाइल दिसला की 'खेळतोस का' एवढे विचारून भागत नाही. 'पैसे लावतोस का' हे विचारावे. भाचा सुटीत गावी आला की आमच्या आळीतल्या पोरांना हेच विचारत फिरतो, आणि पोरे मला सांगत नाहीत ते त्याला सांगतात.