पद्मिनीच्या दारात पाणी जाणारच

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. कुणाच्या वडिलांची, कुणी हौसेने विकत घेतलेली. त्यांचे मालक इंजिनावर खर्च करतात, रंगावर करतात, बंपरच्या क्रोमवर तर हमखास करतात. दारांची पाळी शेवटी येते, आणि आली की ऐकीव माहितीवर काम उरकलं जातं. खरं तर या गाडीचं वय रंगापेक्षा दारांवरूनच लवकर कळतं.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की दारात पाणी गेलं म्हणजे काहीतरी बिघडलं. पावसात दार हलवलं आणि आत खळखळ ऐकू आली की मालक घाबरतो, काचेलगतचं बीडिंग बदलतो, वर सिलिकॉनही थापतो. पण खाली-वर होणाऱ्या काचेवरून ओघळणारं सगळं पाणी कुठलंच बीडिंग अडवू शकत नाही. त्याचं काम पाणी आणि धूळ कमी करणं एवढंच. दार बनवतानाच हे गृहीत धरलेलं असतं, म्हणून कुंडीला असतात तशी त्याच्या खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. आत गेलेलं पाणी तिथून निघून जातं. खळखळ ऐकू येते याचा अर्थ ती भोकं बुजली आहेत. तेव्हा दोष वर शोधू नका, खाली वाका.

ती बुजतात कशाने? धुळीने, झाडाच्या कुजक्या पानांनी आणि बऱ्याचदा गॅरेजच्या उत्साहाने. दार रंगवताना पुट्टी त्या कडेवर येते, खालून काळं अंडरकोटिंग मारताना कुणी भोकं झाकत नाही, आणि गाडी नव्यासारखी चकाकत बाहेर पडते. पुढच्या पावसाळ्यात पाणी दाराच्या तळाशी साचून राहतं. बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडून बसवलेली असते, त्या दुमडीत ओल शिरते आणि गंज तिथून सुरू होतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतून बराच पत्रा गेलेला असतो.

इथेच दुसरी समजूत आडवी येते: ‘जुन्या गाड्यांचा पत्रा जाड, त्याला काही होत नाही.’ पत्रा जाड होता, मान्य. पण जाडीने गंज थांबत नाही, भोक पडायला थोडा उशीर होतो इतकंच. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साह्याने लेप चढवण्याची पद्धत यांमुळे नव्या गाड्या गंजाला तोंड देतात. पद्मिनीला यातलं फारसं काही मिळालेलं नाही, आणि मुंबई-कोकणची खारी हवा तिला आयुष्यभर सोसावी लागली आहे.

गंजावर पुट्टी भरणं हा उपाय नव्हे, झाकण आहे. पुट्टी ओल धरते आणि तिच्याखाली गंज चालूच राहतो. गाडी विकत घेताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा आणि दाराच्या खालच्या वीतभर भागावरून फिरवा. ते जिथे चिकटत नाही तिथे पुट्टीचा थर आहे. गंजरोधक रसायनं वरवरच्या तांबूस गंजावर काम करतात, पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर नाही. तो भाग कापून नवा तुकडा वेल्ड करायचा, आतून प्रायमर द्यायचा आणि मग पोकळीत मारायचं मेण नळीने दुमडीपर्यंत पोचवायचं. काही जुने मेकॅनिक दारात जळकं इंजिन ऑइल ओततात. त्याने गंज थोडा लांबतो हे खोटं नाही, पण त्या तेलात आम्लं असतात, रबर फुगतं आणि डाग रेग्झिनपर्यंत पोचतात. मेण मिळत असताना ते तेल दारात घालण्यात अर्थ नाही.

आता आतली बाजू. दाराचं पॅड, म्हणजे रेग्झिन लावलेला हार्डबोर्ड, खालून फुगून वाकडा झाला की लोक म्हणतात, हार्डबोर्डच हलका होता, जाड प्लायवूड लावा. हार्डबोर्ड बिचारा निमित्त असतो. पॅड आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये प्लास्टिकचा किंवा मेणकागदाचा पडदा हवा असतो. काच खाली-वर करायचं मशीन दुरुस्त करताना तो फाडतात, दुकानाच्या कोपऱ्यात फेकतात आणि पॅड तसंच ठोकून बसवतात. काच सुरळीत चालते, बिल दिलं जातं, आणि पुढच्या श्रावणात पॅडची खालची कड शेवेसारखी सुटू लागते. पडदा नुसता चिकटवूनही भागत नाही. त्याची खालची कड आतल्या पत्र्यातल्या खाचेतून दाराच्या पोकळीत वळवावी लागते, म्हणजे त्यावरून ओघळलेलं पाणी पुन्हा आतच पडतं. साधं जाड पॉलिथिन आणि ब्यूटिल टेप, एवढंच सामान लागतं. पॅड नवं करायचंच असेल तर जुनं समोर ठेवून आखा, जाडी तीच ठेवा नाहीतर क्लिपा बसणार नाहीत, आणि रेग्झिन चढवण्यापूर्वी मागची बाजू, कडा आणि क्लिपांची भोकं यांना वॉर्निशचा हात द्या.

पाणी शिरण्याची आणखी एक जागा पुढच्या दाराच्या तिकोनी काचेची. तिचं रबर कडक झालं की पाणी थेट आतल्या बाजूने उतरतं. पॅड पुढच्या कोपऱ्यातच भिजत असेल तर आधी तिथे बघा.

दार खाली आलं की ‘पद्मिनीची दारं जडच, येतातच खाली’ असं म्हणून गॅरेजमध्ये बिजागरीत लाकूड अडकवून दार दाबतात. फट त्या दिवशी जुळते, पण खराबी तशीच राहते. दार अर्धं उघडून टोकाला धरून उचला. बिजागरीत खडखड जाणवली तर पिन किंवा बुश झिजली आहे, हे काम स्वस्तातलं आहे. खडखड नाही आणि तरी फट वाकडी असेल तर मामला गंभीर. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा, आणि दारांखालच्या पट्ट्या त्यातला मोठा भार वाहतात. गाडी जॅकवर घेतल्यावर दार अडकू लागलं तर ती पट्टी आतून गेली आहे असं धरून चाला. तिची वेल्डिंग गाडीला नीट टेकू देऊन आणि दारं जागेवर ठेवूनच करावी, नाहीतर नव्या पट्टीला दार कधीच जुळत नाही.

‘दार आपटल्याशिवाय लागत नाही’ हेही गाडीच्या स्वभावावर ढकललं जातं. कारण बहुधा चुकीच्या मापाचं जाड रबर, किंवा खांबावरचा कुलपाचा खटका सरकलेला. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडखळत निघाली तर रबर बरोबर आहे. आपटत राहिलात तर काचेचं मशीन आणि बिजागरी दोन्ही ढिली होतात.

काच जड चालते म्हणून तिच्या खाचेत ग्रीस भरणारे पुष्कळ भेटतात. ग्रीसला धूळ चिकटते आणि रबर खराब होतं. खाच साफ करून सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीस मशीनच्या दात्यांना लावा. आणि डब्ल्यूडी-४० हे सगळ्यावरचं औषध नव्हे. ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनलं, जाम झालेला स्क्रू सोडवायला छानच. बिजागरीला मात्र तेलच हवं.

रेग्झिनवर चामड्याचं पॉलिश चोळू नका, ते चामडं नाही. सौम्य साबण आणि ओलं फडकं पुरे, थिनर कधीच नाही.

राहिला विंटेज नोंदणीचा प्रश्न. आत काही नवं लावलं की ती मिळत नाही, असं बरेचजण समजतात. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता कुठे त्या वयात आल्या आहेत. त्याच रंगाचं, त्याच शिवणीचं रेग्झिन बदलणं ही देखभाल झाली. इलेक्ट्रिक काचांसाठी दाराचा आतला पत्रा कापणं ही देखभाल नव्हे, आणि तो कापलेला पत्रा परत जुळत नाही. म्हणून गाडी गॅरेजला सोडताना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा: आतला पत्रा कापायचा नाही, आणि निघालेलं जुनं पॅड, मग ते कितीही फाटलेलं असो, माझ्या हातात परत द्यायचं.