मनगटाला सुट्टी!

शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा घेतलेली पोरं पुढे आली की गर्दी न सांगता मागे सरकते. पालघर असो, बोईसर असो, नाहीतर मर्दानी खेळांचं माहेरघर कोल्हापूर. डोक्याला फेटा, कमरेला शेला, आणि वय? आठवी-नववीचं! जुन्या लढाया अंगात भिनवून बघायची ही हौस जगभर आहे. इंग्लंडमध्ये ‘सील्ड नॉट’ नावाची मंडळी १९६८ पासून सतराव्या शतकातल्या लढाया मैदानावर पुन्हा खेळतात. पण त्यांच्याकडे दांडपट्टा नाही, बिचारे!

हा पट्टा जरा जवळून बघा. तलवारीची मूठ आपण पकडतो. पट्ट्यात मात्र अख्खा हात आत जातो. कोपराच्या अलीकडपर्यंत लोखंडी आवरण, त्याला म्हणतात खोबळा. त्याच्या आत एक आडवी दांडी, तीच मूठ. पुढे लांब, लवचिक, दुधारी पातं. आत हात घातला की मनगट वाकतच नाही. मग फिरवायचं कसं? कोपरातून आणि खांद्यातून. नवशिका पहिल्यांदा मनगटानेच जोर लावायला जातो आणि वस्तादांचा ओरडा खातो.

मनगट अडकवून ठेवण्यात कसला आलाय फायदा? गणित करू या. खांद्यापासून मूठ समजा ६० सेंटिमीटरवर आहे आणि तिथून पुढे पातं ९० सेंटिमीटर. म्हणजे पात्याचं टोक खांद्यापासून १५० सेंटिमीटरवर. हात ताठ ठेवून गोल फिरवला, तर मूठ आणि टोक दोघांची फेरी एकाच वेळात पुरी होते. पण टोकाचं वर्तुळ मोठं, म्हणून त्याला धावायचंय अडीच पट. मग त्याचा वेगही अडीच पट! शिवाय सगळी ताकद येते खांद्याच्या दणकट स्नायूंकडून.

लिंबू कापायची करामत बघितली आहे ना? पात्याची धार इतकी बारीक की सगळा जोर चिमूटभर जागेत एकवटतो, आणि वेग इतका की लिंबाला घरंगळायला सवडच मिळत नाही. (घरी करून बघायचं नाही हं! शिकणारी मुलंसुद्धा आधी लाठीवर हात बसवतात.)

आता एक कोडं, खास तुमच्या भागातलं. बोईसरहून पश्चिमेला समुद्राकडे गेलं की तारापूरचा किल्ला लागतो. १७३९च्या सुरुवातीला चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून जिंकला. बाजी भिवराव रेठरेकर हे नावाजलेले सरदार तिथेच पडले. पुढे मे महिन्यात वसईही पडली. तर कोडं असं, की दीड मीटरची त्रिज्या धरली तर पट्टा फिरवायला तीन मीटर रुंद रिंगण लागतं. शिडीवरून तटावर चढणाऱ्या मावळ्याला तेवढी जागा कुठली? मग त्याने हातात काय धरलं असेल?