परळच्या खोलीतून गावच्या शाळेकडे

मुंबईच्या कापडगिरण्यांच्या गिरणगावात बिऱ्हाड करणं फार थोड्यांना परवडायचं. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा कामगार परळ-लालबागच्या चाळीत गावकीच्या खोलीत वळकटी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि पगार झाला की गावी मनीऑर्डर करायचा. बायको, म्हातारे आईवडील आणि मुलं तिकडेच. त्यामुळे गिरणगावाची अर्धी मुलं परळमध्ये कधी शिकलीच नाहीत. ती वाडीवरच्या शाळेत शिकली. आधी ती शाळा लोकल बोर्डाची होती, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदेची झाली.

बापाला इथे अक्षरओळख व्हावी म्हणून ना. म. जोशींनी 1911 साली स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा काढल्या. लीगचं नाव परळच्या दामोदर हॉलशी कायमचं जोडलं गेलं. पाळीवरून आलेला माणूस बाकावर बसून बाराखडी गिरवायचा. गावात मुलाला मात्र दिवसाउजेडी गुरुजी मिळाले. त्या एका पिढीच्या अंतरातच जिल्हा परिषदेच्या शाळेचं मोठेपण आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढे कित्येक कुटुंबं गावी परतली. त्यांच्या मुलांनाही याच शाळेने सामावून घेतलं.

आज त्या शाळेपुढे उद्दिष्टांची रांग लागली आहे. सर्वात मोठं उद्दिष्ट 2021 च्या ‘निपुण भारत’चं: 2026-27 पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं करता यावीत. याहून रास्त उद्दिष्ट मला सुचत नाही. 2024 च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या जेमतेम 27 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तरी हे उद्दिष्ट साध्य होऊ शकतं, हे सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटने, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाने, दाखवलं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी वर्गातली फरशी, भिंती, खडे, काड्या सगळं शिकण्यासाठी वापरलं. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. तिथली करामत यंत्रांची नव्हती. एक अधिकारी आपल्या बीटमधल्या वर्गांत पुन्हा पुन्हा जाऊन बसत होती, शिक्षकांशी बोलत होती.

पण वाचायला शिकवायचं तर आधी शाळा जागेवर हवी, आणि तिथेच धोरण स्वतःच्या विरुद्ध जातं. शिक्षण हक्क कायद्यानुसार राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी आणि 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक हवेत. 2023 मध्ये मात्र वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. अशा शाळा राज्यात 14 हजारांवर होत्या. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकपदांच्या मंजुरीच्या, निर्णयाने तर सहावी ते आठवीला वीस मुलं नसतील तिथलं शिक्षकपदच धोक्यात आणलं.

कोकणातली वाडी सपाटीवरच्या गावासारखी एकत्र वसलेली नसते. दोन वाड्यांमध्ये डोंगर असतो, पऱ्या असतो, पावसाळ्यात साकवावरून पाणी जातं. सात वर्षांच्या पोरीला त्या वाटेने कोण पाठवील? समूह शाळेकडे गाडी येईल असं कागदावर लिहिता येतं. पण ज्या वाडीला एसटी पोचत नाही तिथे ही गाडी कुठून येणार? शाळा गेली की आधी मुलींचं शिक्षण थांबतं, मग तरणी कुटुंबं वाडी सोडतात. पट कमी म्हणून शाळा बंद आणि शाळा बंद म्हणून गाव रिकामा, असं हे चक्र आहे. माझं मत स्पष्ट आहे: चालत जाता येईल अशी शाळा आणि तिच्यात कायम नेमणुकीचा शिक्षक, हे पहिलं उद्दिष्ट. बाकीची सगळी त्यानंतर.

परळकरांचा इथे संबंध येतो. गावोगावच्या मंडळांच्या मुंबई शाखा शाळेला छपराचे पत्रे देतात, वह्या वाटतात, टीव्ही बसवून देतात. हे देणं मनापासूनचं आहे. त्याहून मोठी गोष्ट मात्र कायद्याने गावाच्या हाती दिली आहे. प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. पुढच्या वर्षी किती मुलं येणार, किती शिक्षक आणि खोल्या लागणार, हे त्यात मांडायचं असतं. बऱ्याच ठिकाणी तो गुरुजीच माहिती भरण्याच्या गडबडीत लिहून टाकतात आणि पालक सही करतात.

येत्या शिमग्याला गावी गेलात की पालखी घरी येऊन गेल्यावर एक दुपार शाळेत जा. आराखडा मागा, समितीतल्या बायकांबरोबर बसून तो वाचा, आणि त्यात शिक्षकाची मागणी नसेल तर ती लिहून घेऊन पंचायत समितीत देऊन या.